भिंतीला बांधलेलं, छपरावर मोकळं

ग्वाल्हेरचा पाऊस कोकणाच्या मानाने थोडाच. वर्षाकाठी ७५ ते ९० सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. तरीही लष्कर भागातल्या जुन्या घरात मागची उंच भिंत आणि तिला टेकलेलं ओसरीचं कौलारू छप्पर जिथे भेटतात, तिथे हटकून ओल दिसते. आतून भिंतीवर तपकिरी ओघळ, वाशाच्या टोकाला काळपट कुज. घरमालक मिस्त्रीला बोलावतो, मिस्त्री सिमेंटचा जाड पट्टा लिंपतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच ओळीत पुन्हा पाणी उतरतं. पाऊस कमी असूनही हे का होतं, याचं उत्तर पावसाळ्यात शोधून सापडत नाही. ते मे महिन्यात सापडतं.

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेची छावणी टाकली आणि त्या छावणीचंच लष्कर हे शहर झालं. दक्षिणेतून आलेल्या मराठी कुटुंबांची घरं इथे वाढली. दगड इथलाच, वालुकाश्म. त्याच्या लांबरुंद पट्ट्या निघतात आणि त्या थेट कडीपाटासारख्या छतावर टाकता येतात, म्हणून मुख्य घराला सपाट दगडी छत असणं ग्वाल्हेरात साहजिक आहे. पण अंगणाकडच्या बाजूला सावली हवी, स्वयंपाकघराला जोड हवी, मग भिंतीला टेकवून एकपाखी छप्पर काढलं जातं. महाराष्ट्रात आपण त्याला पडवी म्हणतो, इकडे ओसारा किंवा बरामदा. वासे एका टोकाला भिंतीत, दुसऱ्या टोकाला खांबावरच्या तुळईवर. वर रीपा, रीपांवर कौलं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरच्या जेप्पूत कारखाना काढला, त्यानंतर मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावर आणि तिथून आत दूरवर पोचलं; त्याआधी आणि त्यानंतरही उत्तरेत हातघडणीचं अर्धगोल खापर चालत होतंच.

कौलांचं छप्पर स्वतःहून गळत नाही. प्रत्येक कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, उतार पुरेसा असला की पाणी वळचणीकडे पळतं. गळतं ते कडेला. एकपाखी छपराला चार कडा असतात, त्यातली सर्वांत अवघड वरची, भिंतीला लागणारी. आढ्यावर दोन पाखी एकमेकांवर झुकलेली असतात आणि कोणेरी कौलाने ती शिवण झाकता येते. इथे मात्र एका बाजूला कौल आणि दुसऱ्या बाजूला उभी भिंत. ती भिंत नुसती उभी राहत नाही, पाणी गोळा करते. समजा छपराच्या वर भिंत ३ मीटर उंच आणि ५ मीटर लांब आहे. वाऱ्याने तिच्यावर १० मिलिमीटर पाऊस आदळला तर १५० लिटर पाणी तिच्या अंगावरून खाली घसरतं आणि नेमकं त्या सांध्यावर येऊन पडतं. छपराच्या इतर कुठल्याही भागाला एवढा मार नसतो.

आता मे महिन्याकडे येऊ. ग्वाल्हेरचं तापमान उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात जातं, कधी त्यापुढेही. जानेवारीच्या पहाटे ते एक आकडी होतं. दगडी भिंत जाड, जड आणि पायावर रोवलेली असल्याने ती फार कमी हलते. छप्पर लाकडाचं. कोरड्या उन्हाळ्यात वासे आक्रसतात, पावसाळी हवेत फुगतात, कौलांच्या वजनाने थोडे लवतात, खांबाकडचं टोक वर्षागणिक किंचित बसतं. म्हणजे भिंत आणि छप्पर शेजारी असले तरी त्यांची हालचाल वेगळी आहे. त्या दोघांच्या मधे सिमेंट भरणं म्हणजे न हलणाऱ्याला आणि हलणाऱ्याला एका कडक पदार्थाने जखडणं. उन्हाळ्यात कधीतरी तो पट्टा केसाएवढा तडकतो. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही.

आणि ती केसाएवढी फट मोठ्या भोकापेक्षा वाईट असते. बोटभर रुंद फटीतून पाणी पडेल, पण वाळेलही. बारीक फट पाणी शोषून घेते, केशाकर्षणाने आडवं आणि चक्क वर चढवते, आणि आत गेलेलं पाणी सिमेंटच्या मागे कोंडून राहतं. वाशाचं टोक महिनोन्महिने ओलं राहतं. सिमेंट नसतं तर ते सुकलं असतं. उत्तरेतले मिस्त्री गच्चीच्या कठड्याशी जो पाव गोलाईचा गोला काढतात, तो चुन्यात असेल आणि दगडी छत असेल तर उत्तम काम देतो, कारण तिथे भिंत आणि छत दोन्ही दगड आहेत आणि चुना थोडं सोसून घेतो. तोच गोला सिमेंटमध्ये करून कौलारू ओसरीच्या सांध्याला चढवला की चुकीच्या जागी चांगला उपाय वाया जातो.

मग काय करायचं? सांधा भरायचा नाही, झाकायचा. झाकणारी वस्तू एकाच बाजूला पक्की करायची, भिंतीला. छपराच्या बाजूला ती नुसती वर पसरायची आणि मोकळी सोडायची. लुगड्याचा पदर खांद्याशी पक्का आणि पुढे सुटा असतो, तसं. छप्पर खाली-वर सरकलं तरी झाकण त्याच्यावरून घसरतं, तुटत नाही. भिंतीवरून उतरणारं पाणी झाकणावर येतं, तिथून कौलावर, कौलावरून वळचणीला. सगळा विषय एवढाच आहे, आणि जगभरच्या बांधकामात वेगवेगळ्या साहित्याने हेच केलेलं दिसतं.

ग्वाल्हेरात हे तत्त्व दगडात पाहायला मिळतं. मानसिंह तोमर यांनी (राज्यकाळ १४८६ ते १५१६) बांधलेल्या मान मंदिराच्या आतल्या चौकांत कोरीव तोड्यांवर पेललेले छज्जे आहेत. शहरात मोहम्मद गौस यांचा सोळाव्या शतकातला मकबरा आहे, तानसेनाच्या समाधीच्या शेजारी. त्याचे रुंद छज्जे इमारतीभोवती फिरतात आणि खालच्या जाळ्यांना पाण्यापासून वाचवतात. छज्ज्याचा दगड मागच्या बाजूला भिंतीच्या वजनाखाली दाबलेला असतो आणि पुढची कड हवेत सुटी. त्याने सावली तर पडतेच, पण भिंतीवरून येणारं पाणी भिंतीपासून लांब फेकणं हे त्याचं दुसरं काम, आणि पावसाळ्यात तेच महत्त्वाचं. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेलगत एक उथळ खाच काढली की पाण्याचा थेंब दगडाच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येऊ शकत नाही. खाचेपाशी तो सुटून पडतो. एवढीशी खाच किती मोठं काम करते हे कळलं की जुन्या कारागिरांबद्दलचा आदर वाढतो.

धातूचा पत्रा छपरावर वापरण्याची माहितीही ग्वाल्हेरबद्दल आहे. १५२८ साली बाबर इथे आला होता. मानसिंहाच्या महालाचं वर्णन करताना त्याने मोठ्या घुमटांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे असल्याची नोंद केली आहे. त्या पत्र्यांमागे शोभेचा हेतू मोठा असणार, पण घुमटावर पाणी न टिकू देण्याचं कामही ते आपोआप करत असणार.

शिसं हा त्याच कुळातला, पण स्वभावाने अगदी निराळा धातू. आपल्याकडे इमारतीत शिसं आलं ते बहुधा दगडांना जखडण्यासाठी. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि त्याच्या पायाचे दगड शिशाचा रस ओतून बसवले, ही गोष्ट मराठी मुलांना शाळेतच कळते. वितळलेलं शिसं दगडाच्या खाचेत शिरून थंड झालं की ते थोडं मऊ राहतं, समुद्राच्या हादऱ्यांत चिरत नाही आणि लोखंडासारखं गंजून फुगत नाही. छपराच्या कामात त्याचा उपयोग युरोपात झाला. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन कॅथीड्रलांची छपरं शिशाच्या पत्र्याची आहेत आणि तिथल्या साध्या घरात भिंतीला टेकलेल्या कौलारू छपराच्या कडेला आजही शिशाचीच पट्टी बसवतात. गेल्या काही दशकांत तिथल्या चर्चच्या छपरावरून शिसं चोरीला जाण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत, यावरून भंगारात त्याची किंमत काय आहे ते कळतं.

शिशाचे गुण असे. ते पाण्याच्या ११.३४ पट जड आहे, म्हणून पातळ पट्टीसुद्धा स्वतःच्या वजनाने कौलावर चपखल बसते. ३२७ अंशांवर वितळतं. खोलीच्या तापमानाला लाकडी ठोकणीने हळूहळू ठोकलं तर कौलाच्या चढउतारात वळतं आणि परत उसळी मारत नाही. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सरळ राहू पाहतो. मंगलोरी कौलाच्या नाळीत तो बसवायचा तर कडेला कंगव्यासारखे दाते कापावे लागतात. शिसं मात्र नाळीत नाळीसारखं होतं. हवेत ते काही महिन्यांत राखाडी थराने झाकलं जातं आणि तो थरच त्याला दशकानुदशकं वाचवतो.

पण त्याचा एक दोष ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी दुप्पट जाणवतो, आणि तो नीट समजून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. शिसं तापलं की फार वाढतं. एक अंश तापमान वाढलं की एक मीटर शिसं ०.०२९ मिलिमीटर लांबतं. वालुकाश्म याच्या साधारण एकतृतीयांश. राखाडी पट्टी जानेवारीच्या पहाटे ५ अंशांवर असेल आणि मेच्या दुपारी उन्हात तापून ७० अंशांवर गेली, तर फरक ६५ अंशांचा. ६ मीटर लांबीची अखंड पट्टी यात ११ मिलिमीटरहून जास्त वाढते आणि पुन्हा आक्रसते. शिशात लवचिकपणा नाही. वाढून उठलेली सुरकुती ते तशीच ठेवतं, दर वर्षी तिथेच मुडपतं आणि शेवटी तिथेच फाटतं. म्हणून १.८ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा तुकडा दीड मीटरपेक्षा लांब ठेवायचा नाही, हा इंग्लिश कारागिरांचा नियम आहे. दीड मीटरला त्याच ६५ अंशांत वाढ ३ मिलिमीटरच्या आत राहते. थंड देशात एखाद्याने दोन मीटरचा तुकडा टाकला तर कदाचित निभावेल. ग्वाल्हेरात सव्वा मीटरच्या आसपासच धरावा असं मी म्हणेन.

५ मीटर भिंतीचं उदाहरण घेऊन काम कसं चालतं ते पाहू. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे १०० मिलिमीटर एकावर एक चढवायचे. ४ तुकडे, प्रत्येक १.३२५ मीटर, तीन ठिकाणी चढवण: बरोबर ५ मीटर होतात. पट्टीची रुंदी ३०० मिलिमीटर: त्यातले २५ भिंतीच्या दरजेत, सुमारे १०० उभे भिंतीला लागून, बाकीचे कौलावर. दीडशे मिलिमीटरहून कमी कौलावर येऊ देऊ नयेत. उतार जितका कमी तितकी ही बाजू वाढवावी. या मापाच्या शिशाचं वजन भरतं सुमारे ३२ किलो. शिडीवर एकट्याने उचलायची गोष्ट नव्हे.

उभा भाग किती उंच ठेवायचा याचं कारण पावसाच्या शिंतोड्यांत आहे. कौलावर आपटलेला थेंब उसळतो आणि भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत मारा करतो. म्हणून भिंतीतली खाच कौलाच्या पृष्ठापासून १५० मिलिमीटर वर मिळाली तर उत्तम, ७५ च्या खाली तर नकोच. दीडशेवर खाच घेतली तर पट्टीही त्या प्रमाणात रुंद कापावी. विटांच्या भिंतीत आडवी दरज सरळ मिळते. ग्वाल्हेरच्या जुन्या भिंती घडीव दगडाच्या असतील तर तिथेही थराची दरज सापडते. अनघड दगडाची भिंत असेल तर मात्र दरज सरळ नसते, आणि मग पट्टी पायऱ्यापायऱ्यांनी चढवत न्यावी लागते. कटर फिरवून दगडाच्या छातीतच सरळ रेघ मारण्याचा मोह मिस्त्रीला होतो. तो टाळावा. जुन्या दगडाची वरची कातडी कापली की तिथून तो पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो.

दरज छिन्नीने २५ ते ४० मिलिमीटर खोल साफ करायची, धूळ ब्रशने झाडायची. शिशाची वरची कड काटकोनात मुडपून खाचेत सारायची. मग शिशाच्याच तुकड्यांच्या गुंडाळलेल्या पाचरी दर ४५० मिलिमीटरवर ठोकायच्या. पाचर शिशाचीच हवी. लाकडाची पाचर कुजते, लोखंडाची गंजून दगड फोडते. त्यानंतर दरज भरायची. जुन्या चुन्याच्या भिंतीत चुनाच भरावा, बारीक सुरखी घालून. पट्टीला पाचरी धरून ठेवतात, चुना फक्त खाचेत पाणी जाऊ देत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. ज्यांनी पाचरी न मारता नुसत्या मसाल्यावर भरवसा ठेवला त्यांची पट्टी दोन-तीन उन्हाळ्यांत खाली घसरलेली दिसते.

खालची कड सुटी ठेवायची म्हटलं तरी ग्वाल्हेरात पाऊस येण्याआधी आंधी येते. मे-जूनमधल्या धुळीच्या वादळात सुटी कड उचलली जाऊन उलटी पडू शकते. त्यासाठी तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या अरुंद पट्ट्या कौलाखालून आणून शिशाच्या कडेवर मुडपतात, दर अर्ध्या मीटरला एक. त्या कड उचलू देत नाहीत, पण मागेपुढे सरकू देतात. खिळा मात्र शिशातून आरपार कधीही मारू नये. खिळा मारला की ज्या सैलपणासाठी एवढा खटाटोप केला तोच संपला.

कौलांच्या नाळीत पट्टी बसवताना लाकडी मोगरीने मधून बाहेरच्या बाजूला, हलक्या ठोक्यांनी जावं. एकाच जागी ठोकत राहिलं तर शिसं तिथे पातळ होतं आणि पुढे तिथेच फाटतं. चांगला कारागीर बोटाने चाचपून जाडी ओळखतो. हे काम भर उन्हाळ्यात करू नये. तापून लांबलेली पट्टी बसवली तर हिवाळ्यात ती आखडून पाचरींना ओढते. फेब्रुवारी-मार्चची सकाळ योग्य. नव्या शिशावरून पहिल्या पावसात पांढरट ओघळ येतात आणि कौलांवर डाग पडतात. बाहेरच्या देशांत त्यावर एक खास तेल पुसतात.

भिंत छपराच्या बाजूने, उतारावर चढत जात असेल, तर रचना बदलते. तिथे सपाट कौल असेल तर प्रत्येक कौलाखाली भिंतीशी वळलेला एक एक तुकडा घालतात. मंगलोरीसारख्या उंचसखल कौलाला ते जमत नाही. तिथे भिंतीला लागून कौलाखाली एक छोटी पन्हळ काढून वर झाकण देणं सोपं.

इथपर्यंत शिशाची बाजू मांडली. आता ती गोष्ट, जी न सांगता हे प्रकरण पूर्ण करणं मला योग्य वाटत नाही. शिसं विष आहे. लहान मुलांच्या मेंदूवर ते थोड्या मात्रेतही परिणाम करतं, आणि रक्तातली शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे एक हजार लिटरच्या टाकीत अवघे १० मिलिग्रॅम. शिशाची पट्टी असलेल्या छपराचं पाणी ती मर्यादा ओलांडू शकतं. ज्या ओसरीच्या वळचणीचं पाणी टाकीत किंवा विहिरीत साठवून पिण्यासाठी वापरायचं आहे, तिथे शिसं वापरू नये. पाण्याची ओढ असलेल्या या भागात पावसाचं पाणी साठवणं वाढत जाणार, वाढावंही. त्यामुळे ही अट पुष्कळ घरांना लागू होईल. काम करताना हातमोजे घालावेत, त्या हाताने पान-तंबाखू खाऊ नये, कपडे वेगळे धुवावेत, लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

म्हणून ग्वाल्हेरसाठी माझं मत स्पष्ट आहे. शिशाच्या पट्टीची पद्धत शिकावी, साहित्य मात्र दगडाचं घ्यावं. इथे वालुकाश्माची पट्टी सहज मिळते, ती चढवणारे हात मिळतात, आणि छज्ज्याची परंपरा किल्ल्यापासून गल्लीपर्यंत डोळ्यांसमोर आहे. भिंतीची दरज उघडून ४० मिलिमीटर जाडीची पट्टी किमान ७५ ते १०० मिलिमीटर आत दाबावी, बाहेर १५० ते २०० मिलिमीटर काढावी, पुढे किंचित उतार द्यावा, खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच काढावी. पट्टी कौलाला टेकू देऊ नये. दोघांमध्ये दोन बोटं अंतर ठेवावं, म्हणजे वासे फुगले-आक्रसले तरी दगडाला धक्का लागत नाही. वाऱ्याने त्या अंतरातून शिंतोडे आत जात असतील तर खाली, कौलाच्या वरच्या टोकाशी, भिंतीला धरून अ‍ॅल्युमिनियमचा अरुंद पत्रा उभा करावा. अ‍ॅल्युमिनियम ओल्या चुन्या-सिमेंटला लागलं की झिजतं, म्हणून खाचेतल्या भागाला डांबराचा हात द्यावा. भिंत आधीच कमजोर असेल आणि दगड आत दाबता येत नसेल, तर जस्ती किंवा स्टेनलेस पत्र्याची पट्टी, तीच मापं, तेच छोटे तुकडे, तीच सुटी कड. चिकटपट्टी किंवा रबरी लेप तात्पुरता चालेल; ग्वाल्हेरच्या उन्हात तो किती टिकेल यावर घराची ओसरी सोडून देऊ नये.

काम झाल्यावर तपासणी नळाच्या पाण्याने करा, आणि ती खालून वर. आधी वळचणीपाशी पाणी सोडा, पाच-दहा मिनिटांनी थोडं वर, मग सांध्यावर, आणि शेवटी भिंतीवर. एकदम वरून पाणी ओतलं तर गळती कुठून आली ते कळत नाही. कोणीतरी आत वाशांकडे बघत उभं राहिलं पाहिजे.

जुन्या घरातलं शिसं उतरवलं असेल तर ते अंगणात चुलीवर वितळवू नका आणि मुलांच्या हाती खेळायला देऊ नका. तुकडे पोत्यात बांधून शिशाचं पुनर्चक्रण करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच पोचवा.